हाताने वास बोलावणारी आत्या

आत्याने कधी कुठल्याही वस्तूला नाक लावलं नाही. दुधाचं पातेलं असो, भाजीच्या सट्टीतली, म्हणजे बाजारातली, पालकाची जुडी असो की नवीन आणलेली उदबत्ती, ती वस्तू हातभर लांब धरायची, डोळे अर्धवट मिटायची आणि उजवा तळवा हलकेच स्वतःकडे हलवत वास बोलवायची. "वासाला बोलवायचं असतं. आपण त्याच्या घरात नाही घुसायचं," असं ती म्हणे. अमोनियाच्या बाटलीत नाक खुपसून भोवळ आलेल्या मुलींना तिने जन्मभर पाणी पाजलं होतं, त्यामुळे ही सवय तिच्या हाडीमाशी भिनली होती. गल्लीच्या तोंडाशी बसणारा भाजीवाला एकदा वैतागून म्हणाला, "माताजी, पालक है, जहर नहीं है." आत्या शांतपणे म्हणाली, "वही तो देख रहे हैं, भइया."

ती कुणाची सख्खी आत्या होती हे मला आजही नीट सांगता येणार नाही. बनारसच्या ब्रह्माघाटाच्या आसपास जी पाच-पंचवीस मराठी घरं उरली आहेत त्या सगळ्यांची ती आत्या. मुलींच्या इंटर कॉलेजात तिने रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्त झाली आणि गल्लीतल्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक छत घेऊन एकटी राहू लागली. शिकायला येणाऱ्या हिंदी मुलींना आत्या म्हणजे बुआ हे ठाऊक नव्हतं. त्यांना ते तिचं नावच वाटायचं, म्हणून त्या तिला 'आत्याजी' म्हणत. आत्याने ते कधी सुधारलं नाही. एरवी एका चुकीच्या आकड्यासाठी वही फेकणारी बाई इथे मात्र खूश असायची.

मी तिच्याकडे गेले ती अगदी पाण्यात बुडता बुडता. बारावीच्या प्री-बोर्डात रसायनशास्त्रात मला सत्तरपैकी अकरा गुण पडले होते. माझे बाबा भिक्षुकी करतात. दक्षिणेतून, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदानं त्यांच्याकडे असतात. शाळेत बोलावणं आलं तेव्हा ते घाटावरून तसेच, धोतर-उपरण्यात गेले आणि परत आल्यावर न चिडता म्हणाले, "मंजू, बोर्डात हे रसायन निघालं तर बी.एस्सी. कर, मी अडवणार नाही. नाही निघालं तर विज्ञान बंद. बी.ए.ला नाव घालू, तोवर एखादं स्थळ आलं तर बघू." ते रागावले असते तर मी भांडले तरी असते. मला विज्ञान शिकायचं होतं, आणि ते आता एका विषयाच्या दोरीला लटकलं होतं.

दुर्गाकुंडाच्या कोचिंगला मी वर्षभर जात होते. तिथे सर माईकवर शिकवत आणि आम्ही एवढ्या मुली-मुलं, की पुढच्याच्या मानेवरून फळा दिसायचा. घरी यूट्यूबवर व्हिडिओ बघत होते. रट्टा मारण्यात मी कुणाला हार गेले नसते. पण प्रश्न जरा फिरवून आला की माझी बोबडी वळायची. शेवटी आईने माझा हात धरला आणि आत्याच्या जिन्यापाशी नेऊन उभं केलं.

आत्याने माझी उत्तरपत्रिका चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वाचली. मग एका प्रश्नावर बोट ठेवून विचारलं, "मोरचुदाच्या पाण्यात जस्ताचा तुकडा टाकला. काय झालं?"

मी समीकरण धडाधड म्हणून दाखवलं.

"ते पुस्तकात झालं. भांड्यात काय झालं?"

आत्या उठली, काचेच्या पेल्यात निळं पाणी घेतलं, त्यात जस्ताची पट्टी सोडली आणि म्हणाली, "बस इथे. बघ. आणि काय बघतेस ते घरी आईला सांगशील तसं सांग." मी बसले. हळूहळू निळा रंग फिका पडत गेला आणि पट्टीवर तपकिरी काहीतरी धरू लागलं. बऱ्याच वेळाने मी घाबरत घाबरत म्हणाले, "जस्त आत गेलं आणि तांबं बाहेर आलं." "कोणी कोणाला हुसकलं?" "जस्ताने तांब्याला." "हां. आता लिही तुझं समीकरण." आयुष्यात पहिल्यांदा मी समीकरण लिहिताना त्यात नक्की कोण आहे हे मला माहीत होतं.

हीच तिची पद्धत. आधी घरच्या बोलीत सांगायचं, मग पुस्तकाच्या. माझ्याबरोबर सलोनी नावाची मुलगी यायची. तिच्या वडिलांचं साड्यांचं दुकान होतं. ती तोंडभर बनारसी बोलीत, झिंकचं 'जिंकवा' करून, सांगायची, "आत्याजी, जिंकवा भित्तर घुस गइल, तांबा बेचारा बहरे." आत्या हसून मान डोलवायची. कोण कोणाच्या घरात घुसलं, कोण कोणाला सोडून गेलं, कोणाला कोण जास्त धरून आहे, अशा गप्पा करता करता आम्ही अख्खे विद्युत्‌रसायनाचे पाठ संपवले. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असतं की तीन बायका गल्लीतल्या लफड्यांवर बोलताहेत.

थंडीचे दिवस होते. सकाळी सलोनी येताना कुल्हडमधून मलइयो, थंडीत मिळणारी दुधाची हलकी मिठाई, आणायची. आत्या तो हातभर लांब धरून वास बोलवायची आणि विचारायची, "हे काय आहे?" सलोनी म्हणायची, "स्वर्ग, आत्याजी." "फेस आहे. द्रवात वायू. कलिलाचा प्रकार सांग आणि मग खा." त्या धाकाने आमच्या तोंडात मलइयो विरघळण्याआधी कलिलांचा, म्हणजे कोलॉइडांचा, तक्ता पाठ झाला. आत्याचा स्वतःचा स्वयंपाक मात्र भयंकर होता, हे प्रेमापोटीसुद्धा लपवता येणार नाही. चहाचं पाणी ती मोजपात्राने मोजायची, आणि तरीही तो चहा रोज वेगळा आणि रोज वाईट व्हायचा. एकदा मी तसं बोलले तर म्हणाली, "प्रयोग आहे गं. चालू आहे."

तिची प्रयोगशाळा छतावर, पत्र्याखाली होती. एक जुनं लाकडी टेबल, स्टँडला लावलेलं ब्युरेट, परीक्षानळ्या, आणि निवृत्त होताना जमवून आणलेल्या बाटल्या. छताला जाळी होती, पण ब्रह्माघाटाच्या वानरांना जाळी कुठली आवरणार? एका दुपारी एक वानर लिटमसची डबी घेऊन शेजारच्या गच्चीवर बसलं आणि मजेत कागद चावू लागलं. आम्ही आरडाओरडा करत होतो. आत्या कठड्याला टेकून ओरडली, "अरे, आधी रंग बघा! लाल झाला का निळा?"

त्या टेबलापाशी मात्र थट्टा चालायची नाही. तिथे कडक सोवळं होतं. बाटलीतून एकदा काढलेलं रसायन, थेंबभर उरलं तरी परत बाटलीत जायचं नाही. "काढलं ते उष्टं," आत्या म्हणायची. "उष्टं परत भांड्यात घालतात का आपल्याकडे? मग?" एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला शिवायचा नाही. हात धुतल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही. झाकण टेबलावर ठेवायचं तर उताणं ठेवायचं. आमच्या घरात सोवळ्या-ओवळ्याचे नियम मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि मनातून कंटाळले होते. इथे पहिल्यांदा मला त्यातला एकेक नियम पटला.

आई एकदा मला न्यायला आली आणि हे सगळं पायरीवर उभी राहून बघत राहिली. घरी येताना भारावून म्हणाली, "कॉलेजात शिकवलेली बाई, पण सोवळं किती पाळते! मला वाटलं होतं विज्ञानवाल्यांना काही विधिनिषेध नसतो." आत्याबद्दल तिच्या मनात त्या दिवसापासून फार मोठी जागा झाली. पुढचा सगळा घोटाळा त्या जागेतूनच झाला.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलमध्ये एक पांढरी पूड देतात आणि तिच्यात काय आहे ते चाचण्या करून ओळखायला सांगतात. प्रत्येक पुडीत एक जोडपं असतं, एक धन आयन, एक ऋण. ते दोघे ओळखले की झालं. माझी खोड अशी, की नळीत काही भलतंच दिसलं तरी मी पुस्तकात असायला हवं तेच लिहायची, किंवा सलोनीच्या नळीकडे बघून लिहायची. आत्याने पहिल्याच दिवशी ते पकडलं. "जे दिसलं ते लिही," ती म्हणाली. "पुस्तकाने तुझी नळी बघितली नाहीये." हे वाक्य तिने मला इतक्यांदा ऐकवलं की सलोनी माझ्या मागून तोंड हलवत तेच म्हणून दाखवायची.

प्रॅक्टिकल जवळ आलं तेव्हा आत्याने घरीच सराव परीक्षा ठेवली. शुद्ध केलेलं पाणी, डिस्टिल्ड वॉटर, मैदागिनच्या बॅटरीच्या दुकानात मिळायचं. ते मी आदल्या संध्याकाळी छोट्या कॅनमध्ये आणलं आणि घरी ठेवलं. सकाळी कॅन घेऊन आत्याकडे गेले. सलोनीला त्या दिवशी ताप होता, त्यामुळे बघायला शेजारची नळीही नव्हती. आत्याने तीन पुड्या माझ्यापुढे ठेवल्या आणि स्वतः आत जाऊन पेपर वाचत बसली.

पहिली पूड पाण्यात विरघळवली. सिल्व्हर नायट्रेट घातलं, पाणी दुधाळ झालं, म्हणजे क्लोराइड. ऑक्झलेट घातलं, पुन्हा दुधाळ, म्हणजे चुना, कॅल्शियम. पुढच्या चाचण्या केल्या तर त्यात सल्फेटही निघालं आणि मॅग्नेशियमही. एका घरात दोन जोडपी! दुसरी पूड घेतली. तिच्यातही क्लोराइड आणि कॅल्शियम हजर. तिसरीतही तेच. नळ्या पुन्हा धुतल्या, पुन्हा केलं. तेच. पुस्तक सांगत होतं की असं होऊ शकत नाही आणि माझ्या नळ्या सांगत होत्या की झालंय. मला स्पष्ट दिसलं की मला हे कधीच येणार नाही. बाबांना आजच सांगून टाकावं, बी.ए.चा फॉर्म आणा म्हणून.

आत्या बाहेर आली तेव्हा मी रडत होते. तिने माझा कागद उचलला. मी म्हणाले, "आत्या, मला नको ही परीक्षा. मला येतच नाही. तिन्हीत तेच आलंय."

ती कागद वाचत राहिली. मग विचारलं, "तू जे बघितलंस तेच लिहिलंस?"

"हो."

"पक्कं? काही जोडलं नाहीस, काही लपवलं नाहीस?"

"नाही."

"मग तू बरोबर आहेस," आत्या म्हणाली. "परेशान नको होऊ. तू बरोबर आहेस, तर गडबड दुसरीकडे आहे. चल, शोधू."

माझ्यावर इतका भरवसा तोवर कुणी टाकला नव्हता. शाळेत, कोचिंगमध्ये, घरी, गडबड झाली की ती माझी हे सगळ्यांनी, आणि माझ्याआधी मीच, गृहीत धरलेलं असायचं. माझ्या डोळ्यांना जे दिसलं ते खरं मानून कुणीतरी बाकीच्या जगाची तपासणी करायला निघालंय, हे मला नवीन होतं. मी डोळे पुसले.

आत्याने एक स्वच्छ नळी घेतली. तिच्यात पूड घातलीच नाही, नुसतं कॅनमधलं पाणी घेतलं आणि वरून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. पाणी दुधाळ झालं. दुसऱ्या नळीत नुसत्या पाण्यात ऑक्झलेट. तेही दुधाळ. "हिला कोरी चाचणी म्हणतात," आत्या म्हणाली. "पाहुण्यांची झडती घ्यायच्या आधी आपलं घर झाडून बघायचं." मग तिने कॅन उचलला, हातभर लांब धरला, तळवा हलवून वास बोलावला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा बोलावला. "हे बॅटरीवाल्याचं पाणी नाही," ती म्हणाली. "तुझ्या आईला बोलाव."

आई पदराला हात पुसत आली. आत्याने विचारलं, "शुभदा, ह्या पाण्यात काही घातलंस का गं?" आईचा चेहरा उजळला. "हो ना आत्या! तुमचं एवढं सोवळं, आणि पाणी आणायचं ते बॅटरीच्या दुकानातून! कुणाकुणाचे हात लागलेले. कॅनमध्ये जागा होती, म्हणून मी सकाळी त्यात तांब्याभर गंगाजल घातलं. म्हटलं पोरीच्या परीक्षेचं काम आहे, शुद्ध असू दे."

आता हे महाराष्ट्रात झालं नसतं. तिथे गंगाजल म्हणजे देवघरातला सीलबंद गडू, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला, थेंबाने वापरायचा. थेंबभर घातलं असतं तर कुठल्या नळीला पत्ताही लागला नसता. पण आमच्याकडे गंगा दाराशी वाहते. रोज सकाळी बाबा बादली भरून आणतात आणि आमच्या घरात गंगाजल तांब्यानेच मोजलं जातं.

मला वाटलं, आत्या आता आईला झोडपून काढणार. आत्या खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचा चष्मा पडला. आई बिचारी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. आत्याने तिचा हात धरून शेजारी बसवलं आणि म्हणाली, "अगं, गंगा हिमालयातून येते. माहेरून येणारी लेक रिकाम्या हाताने येते का? चुना आणते, मीठ आणते, माती आणते. तिला शिदोरी असते. ही काय बघत होती सकाळपासून? गंगेची शिदोरी बघत होती." आईला समजलं तसा तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे मी पोरीला नापास केलं असतं!" आत्या म्हणाली, "उलट. हिने गंगा ओळखली. न सांगता ओळखली. ह्याहून मोठी परीक्षा कुठली?"

मग ती जरा गंभीर झाली. "माझी गंगेवर श्रद्धा आहे बरं, शुभदा. म्हणूनच तिला परीक्षानळीत नाही घालत. माझ्या तोंडात घालायची वेळ येईल तेव्हा घाला, मी नाही म्हणणार नाही. तोवर नळीत बॅटरीवाल्याचं."

प्रॅक्टिकलच्या दिवशी शाळेच्या टेबलावर पाण्याची प्लास्टिकची बाटली ठेवली होती. सगळ्या मुलींनी पुड्या उघडल्या. मी आधी नुसतं पाणी नळीत घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेट घातलं. दुधाळ. बाहेरून आलेले परीक्षक करड्या चेहऱ्याचे होते आणि बोलावं की गप्प बसावं हे मला ठरवायचं होतं. गप्प बसून पूड विरघळवली असती तर उत्तर चुकलं असतं. बोलले आणि माझंच काही चुकलेलं निघालं असतं तर गुण गेले असते, आणि गुणांबरोबर सगळंच. मी नळी वर धरून म्हणाले, "सर, पानी में ही क्लोराइड आ रहा है."

ते आले. माझ्याकडे बघितलं, नळीकडे बघितलं, मग स्वतः दुसरी नळी घेऊन करून बघितलं. कुणीतरी घाईत नळाचं पाणी भरलं होतं. त्यांनी सगळ्या टेबलांवरचं पाणी बदलायला लावलं. तोंडी परीक्षेत त्यांनी मला एकच अवघड प्रश्न विचारला, तो मी अर्धाच सोडवला, पण अर्धा का सोडवला ते नीट सांगितलं. शेवटी त्यांनी त्या कोऱ्या नळीबद्दल विचारलं, "ब्लैंक करना किसने सिखाया?" मला काय सुचलं कोण जाणे, मी सलोनीसारखं म्हणाले, "आत्याजी ने."

लेखी पेपराच्या सकाळी आईने हातावर दही-साखर ठेवली. आत्या दारात उभी होती. तिने माझ्या हातावरच्या दह्याचा वास बोलावला आणि म्हणाली, "जास्त आंबलंय. लॅक्टिक आम्ल. जा, पहिला गुण मिळाला." पेपर सोपा नव्हता. पण प्रत्येक प्रश्नाशी मी आधी स्वतःला घरच्या बोलीत विचारत होते, की इथे नक्की कोण कोणाला सोडून चाललंय, आणि मग लिहीत होते.

निकाल लागला तेव्हा रसायनशास्त्रात मी वर्गात पहिली-बिहिली आले नव्हते. चांगले म्हणावेत इतके गुण होते, बस. बाबांनी आकडा दोनदा वाचला, बाहेर पडले आणि लौंगलता मिठाईचा डबा घेऊन थेट आत्याच्या तिसऱ्या मजल्यावर चढले. गुडघे दुखतात म्हणून ते देवळाच्या पायऱ्यासुद्धा टाळतात. "आत्या, तुमचे उपकार," म्हणाले. आत्या म्हणाली, "मी काही नाही केलं, गुरुजी. हिला खोटं नाही लिहू दिलं, एवढंच." मग बाबांनी स्वतः जाऊन माझा बी.एस्सी.चा प्रवेश केला.

आज मी लखनौला पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. गावोगावच्या विहिरींचं, नळांचं, हातपंपांचं आणि कधी कधी गंगेचंही पाणी माझ्या टेबलावर येतं. रोज सकाळी पहिली नळी कोरी असते. नवीन मुलं कंटाळतात, त्यांना वाटतं मॅडम वेळ घालवतात. त्यांना मी आईच्या तांब्याची गोष्ट सांगते. मग ती मुलं कोरी चाचणी विसरत नाहीत.

साथीच्या दिवसांत आत्याला ताप आला. ती बरी झाली, पण तिला वास येणं बंद झालं ते कायमचं. मी सुट्टीत गेले तेव्हा तिने चहाचा कप हातभर लांब धरला, तळवा हलवला आणि तशीच थांबली. मग कप माझ्यापुढे करून म्हणाली, "सांग." मी वास बोलावला. "आलं आहे. आणि दूध थोडं लागलंय." तिने मान डोलवली आणि चहा प्यायली. त्यानंतर हे नेहमीचं झालं. फुलं, भाजी, पावसानंतरची गल्ली, सगळ्याला ती सवयीने हात हलवायची आणि शेजारी जो असेल त्याला म्हणायची, "सांग." खोटं सांगितलेलं तिला लगेच कळायचं. एकदा नासलेल्या दुधाला मी 'ठीक आहे' म्हटलं, तर म्हणाली, "मंजू, जे आहे ते सांग. माझं नाक आता तू आहेस." मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि फार अभिमानही वाटला. मी दोन्ही लपवू शकले नाही.

यंदा माघात आईचा फोन आला. आत्याने अन्न सोडलं होतं, दवाखान्यात जायला नकार दिला होता. मी पहाटेची गाडी धरून आले. जिना चढून वर गेले तेव्हा खोलीत ऊन आलेलं होतं आणि छतावरचं टेबल उघड्या दारातून दिसत होतं. सलोनी तिच्या पायाशी बसली होती. आत्याने मला ओळखलं. माझा हात धरून ठेवला.

थोड्या वेळाने आईने देवघरातून तांब्या आणि पळी आणली. त्यात तुळशीचं पान तरंगत होतं. दारात क्षणभर थांबून तिने तो तांब्या माझ्या हातात दिला. "तूच घाल," म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

मी पळी आत्याच्या ओठांजवळ नेली. पांघरुणावरचा तिचा उजवा हात हलला. बोटं जेमतेम उचलली गेली, पण तळवा तिच्याकडे वळला आणि एकदा हलला. मग तिने माझ्याकडे बघितलं.

मी पळी हातभर लांब धरली. वास बोलावला. "तांब्याच्या भांड्याचा आहे," मी म्हणाले. "तुळशीचा आहे. आणि थोडा मातीचा."

"चुना?" आत्याने विचारलं. आवाज नव्हताच, नुसते ओठ हलले.

"चुना आहेच, आत्या. माहेरचा."

तिने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मी तिच्या जिभेवर पाणी सोडलं. ते आत गेलेलं तिच्या गळ्यावर दिसलं.

पळीत थोडंसं पाणी उरलं होतं. आई हळूच म्हणाली, "घाल परत तांब्यात." मी उठले, खिडकीशी गेले आणि ते कुंडीतल्या तुळशीला घातलं. एकदा काढलेलं परत भांड्यात जात नाही.